फाइल दुरून, सुरुवात यंत्राजवळ

सीएनसी यंत्राला दुरून प्रोग्रॅम द्यायचा म्हटले की त्यात तीन वेगवेगळी कामे येतात. प्रोग्रॅमची फाइल यंत्राच्या कंट्रोलपर्यंत पोहोचवणे हे पहिले. ती लोड करणे, म्हणजे कंट्रोलने ती उघडून चालवण्यासाठी तयार ठेवणे, हे दुसरे. आणि सायकल स्टार्टचे बटण दाबून प्रत्यक्ष कटिंग सुरू करणे हे तिसरे. पहिली दोन कामे कुठूनही करता येतात, आणि लहान कारखान्यांनी ती तशी करायला लागावे. तिसरे काम मात्र यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाचेच आहे. ओपन सोर्स कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये ही कामे करणारे भाग सुटे असतात आणि ते उघडून पाहता येतात. त्यामुळे कोणते काम कुणाच्या हाती ठेवायचे, हे कारखान्याला स्वतः ठरवता येते.

भाईंदर पूर्वेला, रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्यामधल्या पट्ट्यात लहान औद्योगिक वसाहती दाटीने उभ्या आहेत. स्टेनलेस स्टीलची भांडी हा इथला ओळखीचा धंदा. त्याच्या जोडीला डाय, मोल्ड आणि सुट्या भागांचे जॉब वर्क. अशा एखाद्या गाळ्यात एक व्हीएमसी, एक टर्निंगचे यंत्र, एक ऑपरेटर आणि एक मदतनीस एवढाच पसारा असू शकतो. पूर्ण वेळचा प्रोग्रॅमर पगारावर ठेवणे एवढ्या धंद्याला जड जाते. मग कॅम सॉफ्टवेअरवर टूलपाथ काढणारा माणूस मीरा रोडला घरी किंवा दुसऱ्याच ऑफिसात बसतो आणि फाइल व्हॉट्सॲपवर येते. ऑपरेटर ती पेनड्राइव्हवर उतरवतो आणि पेनड्राइव्ह कंट्रोलला लावतो.

एकदाच करायचे असेल तर यात काही बिघडत नाही. अडचण ट्रायलच्या दिवशी येते. पहिला तुकडा मोजल्यावर खोली दोन शतांश मिलिमीटरने बदलायची ठरते, मग कोपऱ्यातली त्रिज्या, मग फीड. तीच फाइल दिवसात चार-पाच वेळा येते. फोन त्याच नावाच्या नव्या फाइलपुढे कंसात आकडा जोडतो, पेनड्राइव्हवर आधीच्या तशाच पडून राहतात, आणि ऑपरेटरला समोरच्या पाच सारख्या नावांतून नेमके एक निवडावे लागते. चुकीची निवड झाली तर जॉब तरी जातो किंवा टूल तरी. दुरून लोड करण्याच्या सोयीचा खरा फायदा इथे आहे. वेळ वाचतो तो वाचतोच, पण यंत्रावर कोणती फाइल आहे याबद्दलचा गोंधळ संपतो.

यंत्राला फाइल कशी द्यायची हा प्रश्न सीएनसीइतकाच जुना आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले तेव्हा प्रोग्रॅम कागदी फितीवर होता. पुढे एक इंच रुंदीची, आठ छिद्रांची फीत सर्वमान्य झाली. एका इंचात दहा अक्षरे बसत. फीत गेली तरी तिचे माप बराच काळ टिकले: कित्येक जुन्या फॅनक कंट्रोलांची मेमरी माहितीपत्रकात मीटरमध्ये दिलेली सापडते. ३२० मीटर म्हणजे सुमारे १ लाख २६ हजार अक्षरे, आजच्या भाषेत १२८ केबी. त्या काळच्या ड्रिलिंगच्या किंवा साध्या टर्निंगच्या प्रोग्रॅमला एवढी जागा भरपूर होती. मोल्डच्या वक्र पृष्ठभागाचा फिनिशिंगचा प्रोग्रॅम मात्र कित्येक एमबींचा असतो. तो या मेमरीत मावणे शक्यच नाही.

त्यावर तोडगा निघाला तो आरएस-२३२ केबलचा. संगणक एका बाजूने प्रोग्रॅम थोडाथोडा सोडतो, यंत्र तो दुसऱ्या बाजूने चालवत जाते. कारखान्यात याला डीएनसी म्हणतात. ९६०० बॉड वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरे जातात. तीन अक्षांचे आकडे असलेली एक ओळ २२ अक्षरांची धरली तर सेकंदाला ४३-४४ ओळी. प्रत्येक ओळ टूलला ०.१ मिलिमीटर पुढे नेत असेल, तर केबल मिनिटाला २६० मिलिमीटरपेक्षा जास्त फीड पुरवूच शकत नाही. कार्बाइडचे टूल त्याच्या अनेक पट वेगाने चालायला तयार असते आणि यंत्रही. पण पुढची ओळ आलेली नसते, म्हणून टूल जॉबवर थबकते, फिरत राहते आणि तिथे डाग पडतो. डायच्या फिनिशवर असे बारीक डाग दिसले की जुने सेटर आधी टूलकडे पाहतात आणि नंतर केबलकडे.

आता कंट्रोलमध्ये हार्ड डिस्क किंवा एसएसडी असते, नेटवर्कचा पोर्ट असतो. ही अडचण मोठ्या कंपन्यांच्या नव्या कंट्रोलांतही सुटलेली आहे. फक्त नेटवर्कची सोय, मोठी मेमरी, दुरून लोड करण्याचे सॉफ्टवेअर हे पुष्कळदा वेगळ्या किमतीचे पर्याय असतात. जुने यंत्र विकत घेऊन त्यावर नवा कंट्रोल बसवणाऱ्याला, म्हणजे रेट्रोफिट करणाऱ्याला, ओपन सोर्सचा रस्ता इथून सुरू होतो. त्या रस्त्यावरचे सर्वांत जुने आणि भक्कम नाव लिनक्ससीएनसी.

लिनक्ससीएनसीचा उगम एका सरकारी प्रकल्पात आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक व तंत्रज्ञान संस्थेने १९९०च्या दशकात एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर, थोडक्यात ईएमसी, नावाचा कंट्रोल बनवला. १९९५ मध्ये तो जनरल मोटर्सच्या पाँटियॅकमधील पॉवरट्रेन कारखान्यात खऱ्या मशीनिंग सेंटरवर चालवून पाहण्यात आला. सरकारी खर्चाने लिहिलेला म्हणून तो सर्वांना खुला होता. नंतर स्वयंसेवकांनी तो हाती घेतला, पुन्हा बांधला आणि ईएमसी-२ असे नाव दिले. २०११ मध्ये ईएमसी कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या वकिलांनी नावाला हरकत घेतली, आणि त्यातून आजचे लिनक्ससीएनसी हे नाव आले. तो साध्या संगणकावर, लिनक्सच्या रिअल-टाइम कर्नलवर चालतो. मिलिंग, टर्निंग, प्लाझ्मा कटिंग, राउटर, रोबोचे हात अशी अनेक प्रकारची यंत्रे त्यावर चालतात.

दुरून लोड करण्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट आहे त्याची रचना. पडद्यावर दिसणारे चित्र आणि यंत्र हलवणारा भाग हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. मोटरींना दर मिलिसेकंदाला आज्ञा देणारा मोशनचा भाग रिअल-टाइममध्ये, कुणाचीही वाट न पाहता चालतो. त्याच्या वर टास्क नावाचा भाग आहे. जी-कोडची फाइल तो उघडतो, ओळ ओळ वाचून अर्थ लावतो आणि हालचालींची रांग मोशनकडे देतो. ॲक्सिस, जीमोकापी, क्यूटी-ड्रॅगन हे पडद्यावरचे चेहरे टास्कला निरोप पाठवतात आणि त्याची स्थिती विचारतात. एकाच वेळी एकापेक्षा जास्त जण टास्कशी बोलू शकतात. यंत्राजवळच्या पडद्यावर ॲक्सिस उघडा असताना दुसरा एखादा प्रोग्रॅम टास्कला सांगू शकतो, की अमुक फाइल उघड. दुरून लोड करण्याचे सगळे मार्ग या एका सोयीवर उभे आहेत.

सर्वांत साधा मार्ग फक्त फाइल पोहोचवण्याचा. कंट्रोलच्या संगणकावरचा प्रोग्रॅमचा फोल्डर सांबा वापरून नेटवर्कवर शेअर करायचा. विंडोजवर बसलेल्या कॅमवाल्याला तो इतर फोल्डरांसारखाच दिसतो. सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये प्रोग्रॅम-प्रीफिक्स म्हणून तोच फोल्डर लिहिला की ऑपरेटरने फाइल उघडायला घेतल्यावर पहिल्यांदा तोच समोर येतो. इथे लोड करणे आणि सुरू करणे दोन्ही ऑपरेटरच्या हातात राहते. बहुतेक लहान गाळ्यांना एवढे पुरेसे आहे आणि सुरुवात इथूनच करावी.

त्यापुढचा मार्ग ॲक्सिस वापरणाऱ्यांसाठी आहे. ॲक्सिस-रिमोट नावाची एक छोटी आज्ञा लिनक्ससीएनसीबरोबरच येते. तिला फाइलचे नाव दिले की चालू असलेला ॲक्सिस ती फाइल उघडतो आणि टूलपाथचे चित्र पडद्यावर येते. रीलोडचा पर्याय दिला तर उघडलेलीच फाइल डिस्कवरून पुन्हा वाचली जाते. ट्रायलच्या दिवशी याचा उपयोग सर्वांत जास्त. ही आज्ञा कंट्रोलच्याच संगणकावर चालावी लागते. दुसरीकडे बसलेला माणूस एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरच्या सुरक्षित जोडणीने, आत शिरून ती देतो, आणि कोणत्या पडद्यावरच्या ॲक्सिसला निरोप द्यायचा तेही सांगतो. नवखे पुष्कळदा याच पायरीवर अडतात: आज्ञा बरोबर असते, पण पडदा सांगायचा राहिलेला असतो.

ज्यांना थोडे प्रोग्रॅमिंग येते त्यांच्यासाठी पायथनचा दरवाजा आहे. लिनक्ससीएनसीच्या पायथन मॉड्यूलमध्ये आज्ञा देणारा एक भाग आणि स्थिती सांगणारा एक भाग असतो. आठ-दहा ओळींत असे लिहिता येते, की यंत्र मोकळे आहे का ते आधी पाहा, मोकळे असेल तरच मोड ऑटो करून फाइल उघड, आणि उघडलेल्या फाइलचे नाव परत कळव. कटिंग चालू असताना नवी फाइल उघडायला सांगितले तर कंट्रोल तसेही ऐकत नाही. तरी आधी विचारून मग आज्ञा देणारी स्क्रिप्ट लिहिलेली बरी, कारण नकार मिळाल्याचे पाठवणाऱ्याला लगेच कळते.

चौथा मार्ग लिनक्ससीएनसी-आरएसएच. हा एक सर्व्हर आहे. सुरू केला की तो ५००७ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहतो, आणि नेटवर्कवरचा कुठलाही संगणक टेलनेटने त्याच्याशी साध्या शब्दांत बोलू शकतो. आधी ‘हॅलो’ म्हणून पासवर्ड द्यायचा, मग नियंत्रणासाठी दुसरा पासवर्ड द्यायचा, मग ‘सेट ओपन’ आणि फाइलचे नाव. ‘गेट प्रोग्रॅम’ विचारले की कोणती फाइल उघडी आहे ते कळते. हे वापरायला अतिशय सोपे आहे आणि त्यातच धोका आहे. याच जोडणीवर ‘सेट रन’ सुद्धा चालते. दोन्ही पासवर्ड ठरलेले येतात, कागदपत्रांत छापलेले आहेत, आणि तारेवरून ते उघड्या अक्षरांत जातात. ज्याला हा सर्व्हर वापरायचाच असेल त्याने पासवर्ड बदलावेत आणि पोर्ट फक्त एसएसएचच्या आतून पोहोचता येईल असा ठेवावा.

या चारही मार्गांत एक गोष्ट समान आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही. ‘फाइल उघड’ या आज्ञेबरोबर फाइल जात नाही. फक्त तिचा पत्ता जातो. तो पत्ता कंट्रोलच्या संगणकावरचा असावा लागतो. घरच्या लॅपटॉपवरच्या डेस्कटॉपचा पत्ता दिला तर कंट्रोलला तिथे काहीच सापडणार नाही. म्हणून आधी कॉपी आणि मग लोड, हा क्रम कायम.

कॉपीतही जपायच्या दोन-तीन जागा आहेत. नेटवर्कवरचा फोल्डर कंट्रोलमध्ये जोडून फाइल तिथूनच चालवण्याचा मोह होतो. पण लिनक्ससीएनसी चालू प्रोग्रॅम पुढेपुढे वाचत जातो. मध्येच वाय-फाय तुटले आणि पुढची ओळ वेळेत मिळाली नाही, तर रांगेतल्या हालचाली संपतील आणि टूल जॉबवर थांबेल. आरएस-२३२च्या काळातला तोच डाग नव्या केबलमधून परत येईल. फाइल कंट्रोलच्या स्वतःच्या डिस्कवर असली की नेटवर्क गेले तरी कटिंगला धक्का लागत नाही. दुसरे असे, की चालू असलेल्या फाइलवरच नवी फाइल उतरवू नये. वाचणाऱ्याच्या हाताखालचा मजकूर अर्ध्यात बदलला तर काय होईल ते सांगता येत नाही. आरसिंकसारखे साधन फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण उतरवते आणि शेवटी नाव बदलते, त्यामुळे अर्धवट उतरलेली फाइल खऱ्या नावाने कधीच दिसत नाही. साध्या कॉपीत ही खात्री नसते. तरीही सर्वांत चांगली सवय म्हणजे प्रत्येक बदलाला नवे नाव: जॉबचा क्रमांक, ऑपरेशन आणि सुधारणेचा आकडा. विंडोजवरून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की लिनक्सला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी वाटतात, म्हणून नावे सगळी लहान अक्षरांत ठेवली की घोळ होत नाही.

फिल्टरची सोय तर मुद्दाम तपासून घ्यावी. आयएनआय फाइलमध्ये असे सांगून ठेवता येते, की विशिष्ट प्रकारची फाइल उघडली की ती आधी एका प्रोग्रॅममधून गाळून तिचा जी-कोड करावा. चित्रावरून कोरीवकाम करण्यासाठी हे फार उपयोगी आहे. पण पायथनच्या फाइलींसाठी फिल्टर लावलेला असेल तर ती फाइल ‘उघडणे’ म्हणजे कंट्रोलच्या संगणकावर ती स्क्रिप्ट चालवणेच होय. ज्या फोल्डरमध्ये बाहेरचे लोक फाइली टाकू शकतात, त्याच्याजवळ असा फिल्टर चालू ठेवू नये.

फाइल पोहोचली, लोड झाली, पडद्यावर टूलपाथ दिसू लागला. आता तिसऱ्या कामाकडे वळायचे, तर आधी प्रोग्रॅममध्ये काय नसते ते पाहायला हवे. स्टीलच्या वाटीचा तळ उठवणाऱ्या डायचे फिनिशिंग समजा. फाइलच्या पहिल्या ओळींत जी-२१ असते, म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये. जी-९०, म्हणजे मोजमाप एका ठरलेल्या शून्यापासून. आणि जी-५४, म्हणजे ते शून्य कोणते. पुढे टूल क्रमांक ३ लावायची आज्ञा, जी-४३ ने त्या टूलची लांबी लागू करणे, स्पिंडलचा वेग, आणि मग हजारो ओळी. जी-५४ चे शून्य व्हाइसमधल्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यावर घेतले आहे, हे फाइलला माहीत नसते. ते ऑपरेटरने एज फाइंडर लावून सकाळी घेतलेले असते. टूल ३ च्या जागी आज खरोखर सहा मिलिमीटरचा बॉलनोज आहे की कालचा दहाचा एंडमिल तसाच राहिला आहे, त्याची लांबी मोजून टेबलात भरली आहे का, क्लॅम्प टूलच्या वाटेत येतो का, डायचा तुकडा नीट आवळला आहे का, कूलंटचा पाइप कुठे वळला आहे: यातली एकही गोष्ट मीरा रोडहून दिसत नाही. ॲक्सिसच्या चित्रात टूलपाथ यंत्राच्या मर्यादेत आहे की बाहेर एवढे कळते. क्लॅम्प त्या चित्रात नसतो.

म्हणून जॉबविषयीची निम्मी माहिती फाइलमध्ये असते आणि निम्मी गाळ्यात. दोन्ही एकत्र येतात ती जागा सायकल स्टार्टच्या बटणाची, आणि तिथे माणूस हवा. घाईच्या दिवशी मालकाला वाटते की फाइल दुरून जाते तर सुरूही दुरूनच का करू नये. पण टूल ठोकले की स्पिंडलच्या बेअरिंगचा खर्च येतो, आणि दाराआड हात असेल तर त्याची भरपाई कशानेच होत नाही. लोड झालेली फाइल मात्र निरुपद्रवी असते. ती कितीही वेळ उघडी राहिली तरी एकही अक्ष हलत नाही.

दूर बसलेल्या प्रोग्रॅमरला ऑपरेटरशी बोलायची एक सुरेख जागा जी-कोडमध्येच आहे. लिनक्ससीएनसीमध्ये कंसात एमएसजी असे लिहून पुढे मजकूर दिला की तो मजकूर चालू प्रोग्रॅममध्ये ऑपरेटरच्या पडद्यावर येतो. लगेच पुढच्या ओळीत एम-० दिला तर यंत्र थांबते आणि ऑपरेटरने पुन्हा सायकल स्टार्ट दाबेपर्यंत पुढे जात नाही. ‘टूल ३, बॉलनोज ६, बाहेर ३० मिमी’ असा एक निरोप आणि एक थांबा प्रत्येक टूलबदलानंतर ठेवला, तर फोनवर ऐकलेल्या आणि विसरलेल्या सूचनांपेक्षा तो कितीतरी खात्रीचा. पहिल्या तुकड्याला सिंगल ब्लॉक, फीड ओव्हरराइड कमी आणि बोट फीड होल्डवर, ही शिस्त तर कुठल्याही कंट्रोलवर तीच.

सुरुवात यंत्राजवळच राहील याची व्यवस्था नुसत्या सूचनेवर सोडायची गरज नाही. लिनक्ससीएनसीमध्ये हॅल नावाचा एक थर आहे. स्विच, दिवे, रिले, मोटरी यांच्या जोडण्या त्यात लिहिल्या जातात, आणि त्या कारखान्याला स्वतः बदलता येतात. हिरव्या बटणाची तार हॅलयूआयच्या प्रोग्रॅम-रन या पिनला जोडली की ते खरे सायकल स्टार्ट होते. मोशनच्या भागाला फीड-इनहिबिट नावाची आणखी एक पिन आहे. ती चालू असेपर्यंत प्रोग्रॅमने होणारी हालचाल थांबून राहते. दाराचा स्विच किंवा किल्लीचा स्विच या पिनला जोडला आणि किल्ली ऑपरेटरच्या खिशात राहिली, तर नेटवर्कवरून कुणी रनची आज्ञा दिलीच तरी टूल जागचे हलत नाही. इमर्जन्सी स्टॉप मात्र सॉफ्टवेअरवर कधीही विसंबू नये. लाल बटण दाबल्यावर ड्राइव्हची वीज रिलेनेच तुटली पाहिजे, आणि बटण दाबले गेले आहे हे सॉफ्टवेअरला नंतर कळले तरी चालेल. हा नियम महागड्या कंट्रोललाही लागू आहे आणि जुन्या संगणकावर उभ्या केलेल्यालाही.

नेटवर्कच्या जोडणीत एक बारकावा आहे. मेसा कंपनीच्या इथरनेट कार्डावर चालणाऱ्या यंत्रात संगणक आणि कार्ड यांच्यात दर मिलिसेकंदाला निरोप जातात. त्या तारेवर दुसरी कुठलीही वर्दळ चालत नाही. म्हणून तो पोर्ट फक्त कार्डासाठी, आणि फाइलींसाठी दुसरा पोर्ट किंवा वाय-फाय. गाळ्याबाहेरून यायचे असेल तर राउटरवर पोर्ट उघडून कंट्रोल थेट इंटरनेटवर आणू नये. व्हीपीएनमधून किंवा किल्लीवर चालणाऱ्या एसएसएचमधूनच यावे. संपूर्ण पडदा दुरून हाताळण्याची सॉफ्टवेअरे सर्वांत सोपी वाटतात आणि या कामाला सर्वांत अयोग्य आहेत. त्यांतून फाइल उघडता येते तशीच जॉगची बटणेही दाबली जातात, आणि तीही अर्ध्या सेकंदाने मागे पडणारे चित्र पाहत. फाइल टाकणाऱ्याला फाइल टाकण्याचाच हक्क द्यावा. एसएसएचमध्ये एखाद्या वापरकर्त्याला एकाच फोल्डरपुरते बांधून ठेवता येते.

लहान राउटर आणि लेझर यंत्रांवर चालणाऱ्या जीआरबीएलची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये आर्डुइनोच्या छोट्या बोर्डासाठी सुरू झालेल्या या कंट्रोलमध्ये प्रोग्रॅम साठवायला जागाच नाही. आत येणाऱ्या अक्षरांसाठी त्याच्याकडे १२८ बाइटांचा कोपरा आहे; शेजारचा संगणक ओळी मोजूनमापून सोडत राहतो. म्हणजे डीएनसीची जुनी पद्धत इथे यूएसबीवर जशीच्या तशी आहे. अशा यंत्राला दुरून फाइल द्यायची तर शेजारी रास्पबेरी पाय ठेवून त्यावर सीएनसीजेएससारखा ब्राउझरमधून चालणारा प्रोग्रॅम बसवतात: फाइल आधी त्या संगणकावर उतरते आणि तिथून तारेने यंत्रात जाते. त्याच घराण्यातून पुढे आलेल्या फ्लुइड-एनसीमध्ये वाय-फाय आणि एसडी कार्ड असल्याने फाइल थेट बोर्डापर्यंत पोहोचते.

रेखाटन एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, ही कल्पना महाराष्ट्रात रुजून बराच काळ झाला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या पहिल्या फॅब लॅबांपैकी ती एक. जगातल्या कुठल्याही लॅबमधली डिझाइनची फाइल दुसरीकडे उघडावी आणि वस्तू तिथल्या माणसांनी तिथल्या यंत्रावर बनवावी, हा फॅब लॅबांच्या जाळ्याचा पाया आहे. फाइल कितीही लांबून आली तरी यंत्र पाबळच्या मुलांच्याच हातात असते.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे यंत्राकडून बाहेर जाणारी माहिती, तुलनेने निर्धोक आहे आणि तिचा वापर खूपच कमी होतो. अमेरिकेच्या मशीन टूल उद्योगाच्या संघटनेने २००८ मध्ये पुढे आणलेले एमटी-कनेक्ट हे खुले मानक मुद्दाम फक्त वाचण्यापुरते ठेवले आहे. त्यातून यंत्राची स्थिती विचारता येते, यंत्राला आज्ञा देता येत नाही. लिनक्ससीएनसीमध्ये पायथनचा स्थिती सांगणारा भाग हेच काम करतो. उघडी फाइल कोणती, चालू ओळ कितवी, यंत्र चालू आहे, थांबले आहे की इमर्जन्सीत आहे, फीड ओव्हरराइड किती, हे सगळे तो सांगतो. दर काही सेकंदांनी ही माहिती एका साध्या पानावर टाकणारी स्क्रिप्ट लिहिली, की घरी बसलेल्या प्रोग्रॅमरला आपण पाठवलेली सुधारित फाइलच यंत्रावर उघडी आहे की आधीची, हे ऑपरेटरला फोन न करता कळते. गाळ्यातली वीज जाऊन आली असेल तर तेही तिथेच दिसते: फाइल डिस्कवर असते पण उघडलेली नसते, अक्ष होम झालेले नसतात, आणि ऑपरेटरने होमिंग करून जी-५४ चे शून्य पुन्हा तपासेपर्यंत पुढचे लोड थांबवून ठेवावे लागते.